पायपट्टीची परीक्षा

आमच्या घरमालक काकांनी आयुष्यात एकही वस्तू परीक्षा घेतल्याशिवाय घरात येऊ दिलेली नाही, आणि त्या वस्तूंत मीही आलो. मोताळ्याच्या बाजारात बाकीचे लोक वस्तू उलटीसुलटी करतात, भाव पाडतात आणि पिशवीत टाकतात. काका वस्तू घरी आणतात ती चौकशीसाठी. नवी छत्री आली की न्हाणीतल्या नळाखाली ती उघडून तिच्याखाली स्वतः पाटावर बसतात, आणि डोक्यावर एक थेंब पडला तर तसेच ओल्या सदऱ्यानिशी दुकानात जातात, म्हणजे दुकानदाराला पुरावा दाखवायला नको. नव्या चपला आधी बादलीत भिजतात, मग पत्र्यावर वाळतात, मग काकांच्या पायात जातात, तोवर त्या नव्या राहिलेल्याच नसतात. टरबूजवाला त्यांना लांबून बघूनच गाडीवर फडकं टाकतो. एकदा मला ताप आला तेव्हा काकांनी मेडिकलमधून थर्मामीटर आणलं, पण माझ्या काखेत घालण्याआधी स्वतःच्या काखेत घातलं, मग काकूंच्या, मग शेजारच्या मास्तरांच्या. तिघांचं बरोबर आल्यावर ते माझ्यापर्यंत आलं. तोवर मला घाम फुटून ताप उतरला होता. काका थर्मामीटरकडे बघत म्हणाले, "चांगलं हाये. खोटं नाई बोलत."

ही खोड त्यांना नोकरीने लावली. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी जिनिंगमध्ये कापूस पारखण्यात घालवली. कापसाची गाडी आली की कोपरापर्यंत हात आत घालायचा, चिमूट ओढून काढायची, दोन अंगठ्यांत धरून ताणायची, गालावर फिरवायची आणि ओलावा किती, किडकी कवडी किती ते सांगून मोकळं व्हायचं. नोकरी सुटली, पण बोटांना कोणी ते कळवलं नाही. अजूनही बसमध्ये बसले की पुढच्या सीटचं कव्हर चिमटीत धरून ताणतात. पुढचा प्रवासी वळून बघतो, काका मान हलवतात, जणू सीट त्याचीच आहे आणि बरी निघाली.

मी सिंधुदुर्गातला. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. सुताराच्या हाताखाली शिकलो, मग एका ओळखीच्या माणसाने नांदुऱ्याला ओट्याखालच्या ट्रॉल्या नि कपाटं बसवायच्या कामाला बोलावलं. तो पुढे नाशिकला निघून गेला आणि मी इकडेच राहिलो. नांदुऱ्यात परवडेल अशी खोली मिळेना. मोताळ्यात मागच्या अंगाची खोली रिकामी आहे असं कोणीतरी सांगितलं म्हणून बॅग घेऊन काकांच्या दारात उभा राहिलो. मला वाटलं, आधार कार्ड मागतील. काकांनी माझा हात मागितला. तळहात उलटा केला, अंगठ्याने घट्टे दाबले, नखाने एक खरवडून पाहिला आणि आत ओरडून सांगितलं, "घट्टे खरे हायेत. राहू दे याले." आतून काकूंचा आवाज आला की ते घट्ट्यांचं राहू द्या, पोरगा जेवला का ते विचारा. त्या दिवशी मला पिठलं-भाकरी आणि मिरचीचा ठेचा मिळाला. समुद्राकाठी वाढलेल्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी काढणारा तो ठेचा होता, त्यामुळे माझे डोळे नेमके कशाने भरले हे त्या दोघांना कळलं नाही, ते बरंच झालं.

काकू म्हणजे काकांच्या अगदी उलट. त्यांनी आयुष्यात कशाचीच परीक्षा घेतली नाही. भाजीवाल्याने दिलेली भाजी घेतात, मीठ अंदाजाने टाकतात, आणि आलेल्या माणसाला फक्त "जेवला का" एवढंच विचारतात. त्यांचा एकच नेम होता, पण तो पक्का. मागच्या अंगणात त्यांची चूल होती. रोज सकाळी पांढरी माती पाण्यात कालवायची, फडक्याचा बोळा बुडवायचा आणि थंड चुलीवरून फिरवायचा. आमच्याकडे याला पोतेरं म्हणतात, इकडे पोतारा. गॅस आला तरी भाकरी चुलीवरच व्हायची, आणि ज्या दिवशी भाकरी नसायची त्या दिवशीही पोतारा व्हायचाच. घरात बुद्धवंदना म्हणायच्या आधी काकूंच्या हाताला ती पांढरी माती लागलेली असायची. त्यांना सवड विचारायची तर लोक विचारायचे, "पोतारा झाला का?"

काकूंना शुगर आहे. ती किती जुनी आहे हे त्यांनाही नीट माहीत नाही. तिने हळूहळू पावलांतली जाणीव नेली. एका दुपारी काकू स्वयंपाकघरात टमाट्याचा रस सांडला समजून फरशी पुसत होत्या. पुसावं तर पुढे आणखी ठिपके. काकू जिकडे जातील तिकडे ठिपके. शेवटी काकांनी खाली पाहिलं. जुन्या ओट्याखाली लोखंडी अँगलचा सांगाडा होता. त्याच्या टोकावर पायाचं बोट कापलं होतं आणि काकूंना त्याची खबर नव्हती. जखम चिघळली, अकोल्याच्या दवाखान्यात बोट काढावं लागलं. डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं की पुन्हा असं लागलं आणि उशिरा कळलं तर बोटावर भागणार नाही, पाऊल जाईल. रोज संध्याकाळी पाय तपासायचे.

आता ज्या माणसाने बसची सीटसुद्धा तपासल्याशिवाय सोडली नाही, त्याला हे काम अवघड नव्हतं. अवघड होत्या काकू. नवऱ्याने बायकोच्या पायाला हात लावायचा ही गोष्ट त्यांना दवाखान्याच्या कागदावर लिहून दिली तरी पटणारी नव्हती. काका जवळ आले की त्या पाय लुगड्यात ओढून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "काई नाई लागलं मले." ज्यांना लागलेलं कळतच नाही त्यांची ही साक्ष. काका जन्मात पहिल्यांदा परीक्षा घेतल्याशिवाय एखादी गोष्ट मान्य करून गप्प बसायचे, आणि त्यांचा चेहरा असा व्हायचा की बघवत नसे.

काकू अकोल्यात मुलीकडे विश्रांतीला असताना काकांनी दोन गोष्टी केल्या. मागची चूल फोडली, कारण निखारा पडला तरी त्या पावलांना कळलं नसतं. आणि ओट्याखालचा सांगाडा उपटून ते काम माझ्या गळ्यात घातलं. बुद्धपौर्णिमेला काकू येणार, खीर नव्या ओट्यावर व्हायची. मला रात्रीची झोप लागेना. बाहेरच्या गिऱ्हाइकाचं काम बिघडलं तर तो दुसऱ्याला बोलावतो. इथे बिघडलं तर काकूंचं पाऊल, आणि ज्या एका घराने मला घरात घेतलं त्या घराला मी कोणतं तोंड दाखवणार?

कपाटांच्या दारांचा रंग, मुठी, ट्रॉल्या हे सगळं काकांनी एका चहात उरकलं. "तुले आवडन ते लाव," म्हणाले. मी चकित. मग ते उकिडवे बसले, कपाटाच्या बुडाशी बोट लावलं आणि विचारलं, "इथी काय लावशीन?" ओट्याखालच्या कपाटांच्या तळाशी, जमिनीला लागून एक पट्टी असते. आमच्या धंद्यात तिला स्कर्टिंग म्हणतात. ओट्याशी उभ्या राहणाऱ्या बाईच्या पायाची बोटं नेमकी तिच्यापर्यंत आत जातात. घर धुतलं की पाणी तिलाच लागतं, झाडू तिलाच लागतो, वाळवी आधी तिथेच चढते. गिऱ्हाईक तिच्याबद्दल कधी विचारत नाही. काकांनी तिला पायपट्टी असं नाव दिलं आणि उन्हाळाभर दुसरा विषय काढला नाही.

मी नांदुऱ्याहून नमुन्यांचे तुकडे आणत गेलो. अंगणात त्यांची शाळाच भरली. पार्टिकल बोर्डाचा तुकडा बादलीत घातला, तो चहातल्या टोस्टसारखा फुगला. काकांनी तो बोटाने चिमटला, भुगा झाला, आणि माझ्याकडे असं पाहिलं जसं मीच फुगलो होतो. प्लायचा तुकडा त्यांनी बांधावरच्या वारुळाजवळ पुरला. वाळवीने तो इतक्या आवडीने खाल्ला की काका तिचं कौतुक करू लागले. सागाची पट्टी पाण्यालाही टिकली, वाळवीलाही टिकली, पण कडेवरून अंगठा फिरवताना काकांना बारीक कुसळ लागलं. सागाचा निकाल तिथेच. स्टीलची पट्टी आली. मला तिच्यावर फार भरवसा होता. काकांनी तिच्या कडेवर पिकलेलं केळं घासलं आणि दोन तुकडे माझ्या हातात ठेवले. कडप्प्याची आली. ती वाळवीला, पाण्याला, भूकंपालासुद्धा भीक घालणारी नव्हती.

कडप्प्याची परीक्षा मात्र काकांनी अनवाणी घेतली. डोळ्यांना गमछा बांधला, म्हणाले, तिले जसं दिसत नाई पायानं तसं मलेबी दिसू नये, आणि अंगणात मांडलेल्या पट्टीकडे भाकरी थापायला निघाल्यासारखे चालत आले. शेजारचे मास्तर भिंतीवरून बघत होते. त्यांनी विचारलं, काय हो, लपाछपी चालली का? तेवढ्यात काकांचा अंगठा कडप्प्यावर बसला. काका ओरडले नाहीत. गमछा काढला, लंगडत खाटेवर बसले आणि गंभीरपणे म्हणाले, "टिकाऊ हाये. पण आपण टिकत नाई." पुढचे कित्येक दिवस ते लंगडत होते आणि कोणी विचारलं की अभिमानाने सांगायचे, परीक्षा चालू आहे.

शेवटी पास झाला पीव्हीसीचा जाड बोर्ड. पाण्याला दाद देत नाही, वाळवी तोंड लावत नाही, अंगठ्याला जरा नमतं घेतो. मी त्याची वरची कड घासून गोल केली, नेहमीपेक्षा चार बोटं जास्त आत बसवला. वरून चकचकीत पांढरा. काकांनी बुडाशी आडवं पडून गाल लावून पाहिला आणि मला चहा पाजला. त्या चहाची चव मला अजून आठवते, दूध जरा नासलेलं होतं, पण मी बोललो नाही.

काकू पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आल्या. नवा ओटा पाहिला, ट्रॉल्या उघडल्या, मिटल्या, मला विचारलं जेवला का, आणि मागच्या अंगणात गेल्या. चूल नव्हती. सकाळी मी खोलीतून बाहेर आलो तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात काका उभे होते. आत काकू पाटावर बसून कालवलेली पांढरी माती माझ्या चकचकीत पायपट्टीवर बोळ्याने सारवत होत्या.

"हे काय करून राह्यली?" काकांनी विचारलं.

"पोतारा."

"चूल कुठी हाये इथी?"

"हेच आता चूल," काकू हात न थांबवता म्हणाल्या. "तुमी माही चूल फोडली. पोतारा नाई फोडला."

उन्हाळाभर आम्ही पट्टीला पाण्यात बुडवलं, मातीत पुरलं, लाथाडलं, तिने केळं कापलं. काकू तिच्यावर माती सारवतील हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. चकचकीत बोर्डावर माती धरणार कशी? दुपारपर्यंत तिचे पोपडे सुटले आणि फरशीवर पापडाच्या चुऱ्यासारखे पडले. काकूंनी ते झाडले आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा सारवलं. काका म्हणायचे, मह्या पट्टीचा सत्यानाश. काकू म्हणायच्या, या पट्टीले माती धरता येत नाई, कसली पाहून आणली. मी दोघांच्या मधून मान खाली घालून कामाला जायचो. रोज वाटायचं, आज संध्याकाळी खोली सोडायला सांगतील.

मग ती संध्याकाळ आली. काकू अंगणात खुर्चीवर बसल्या होत्या, काका समोर खाटेवर, मी न्हाणीशी हातपाय धुत होतो. काका बोलता बोलता थांबले. त्यांची नजर काकूंच्या पायावर गेली. लुगड्याच्या काठाखालून करंगळी दिसत होती आणि तिच्या टोकावर पांढरा पट्टा ओढलेला होता.

"पायाले काय लागलं?"

"काई नाई लागलं मले."

"मंग ते पांढरं कशाचं?"

काकूंनी वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग अगदी हळू आवाजात, स्वतःलाच विचारल्यासारखं म्हणाल्या, "कधी लागलं मले?"

त्या वेळी काका उठले, त्यांच्या पायाशी बसले आणि पाऊल मांडीवर घेतलं. काकूंनी ते ओढून घेतलं नाही. करंगळी सुजली होती, कातडी शाबूत होती. काकांनी कापसाची चिमूट धरावी तशी ती करंगळी धरली. मी नळ बंद करायला विसरलो होतो, बादली भरून वाहत राहिली, आणि ज्या माणसाने थेंबभर गळतीसाठी दुकानदारांना रडवलं त्यांनी मला एक शब्द म्हटला नाही.

सकाळी माझ्या दारावर थाप पडली. "पट्ट्या काढ बे सगळ्या," काका म्हणाले. मी मनातल्या मनात बॅग भरली, मलकापूरची बस पकडली, गावात पोचून आईला काय सांगायचं तेही ठरवलं. काका पुढे म्हणाले, "जिच्यावर माती टिकते अशी पट्टी पाह्यजे. दिवसभर टिकली पाह्यजे अन् पायाले लागली की उठली पाह्यजे. सांजच्याले मी पाहीन." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. काकूंच्या पायाला जे कळत नव्हतं ते माती लिहून ठेवणार होती, आणि कुठे लागलं तेही, कारण तेवढी माती पट्टीवरून गेलेली असणार.

पुन्हा सगळे तुकडे अंगणात आले. या खेपेला परीक्षक काकू. त्यांनी प्रत्येकावर बोळा फिरवला आणि चहा प्यायला निघून गेल्या, निकालाची काळजी आमच्यावर. वाळवीने खाल्लेल्या प्लायवर माती बसली, पण प्लायच बसत नव्हता. स्टीलने माती झटकून टाकली. पास झाला तो सिमेंटचा करडा बोर्ड, जो मी नुसता गठ्ठ्याला आधार म्हणून आणला होता. पाण्याला पक्का, वाळवीला पक्का, आणि माती त्याने अशी धरली जशी जुनी ओळख असावी. मी भीत भीत म्हणालो की काका, हा बोर्ड लोक संडासाच्या आडभिंतीला लावतात, चारचौघांत दिसायला कसा दिसेल? काका म्हणाले, "पायाले काय समजते संडासाचा का सैपाकाचा?" मग त्यांनी पॉलिश पेपर घेतला आणि त्या बोर्डाची कड घासायला बसले. घासायची, गालावर फिरवायची, पुन्हा घासायची. रुईसारखी मऊ होईपर्यंत त्यांनी मला हात लावू दिला नाही. जिथे करंगळी लागली होती तो गॅसजवळचा कोपरा मी गोलच करून टाकला.

आता माझं नांदुऱ्यात स्वतःचं लहानसं वर्कशॉप आहे. खोली मात्र मोताळ्यातलीच ठेवली आहे, जाण्यायेण्याची बस परवडते. गिऱ्हाईक विचारतं, खाली कोणतं मटेरियल टिकाऊ? मी पाणी, वाळवी, झाडू सगळं सांगतो आणि शेवटी विचारतो की घरात कोणाला शुगर आहे का. लोक चमकून बघतात. काहींना वाटतं मी गोड खायला मागतोय. घरी फोन केला की आईलाही पायाचं विचारतो. ती म्हणते, माझ्या पायांना काय धाड भरली? कोकणात बसलेली माझी आई, तिच्या पायांवर मी इथून काय सारवणार?

काकूंना आता पाटावर बसून उठता येत नाही. पोतारा काका घालतात. बोळा त्यांच्या हातात कापसाच्या बोंडासारखा दिसतो. काकू मागे खुर्चीवर बसून, ज्यांनी आयुष्यात कशाची परीक्षा घेतली नाही त्या, काठीच्या टोकाने दाखवतात, "तिथी राह्यलं. तिथीबी राह्यलं." काका मुकाट्याने पुन्हा फिरवतात. नापास होण्याची त्यांना चांगली सवय लागली आहे.

संध्याकाळी अंगणात काकूंचं पाऊल काकांच्या मांडीवर असतं. पूर्वी बोटं स्वच्छ निघाली की काका खूश होऊन चहा मागवायचे. हल्ली काकू ओट्याशी फारशा उभ्या राहत नाहीत, दम लागतो. मुलीने लावून दिलेली बाई पोळ्या करून जाते, वरण काका करतात आणि चार वेळा चाखून बिघडवतात. बोटं रोज स्वच्छ निघतात. काका चष्मा वर करून एकेक बोट बघतात आणि पाऊल हळूच खाली ठेवतात. "काई नाई आज," एवढंच म्हणतात.

गेल्या आठवड्यात मी कामावरून आलो तर काका अंगठ्याशी वाकून थांबले होते. नखाच्या कडेला पांढऱ्या मातीचा एवढासा ठिपका होता. मी घाबरून जवळ गेलो. काकांनी तो बोटाने पुसला, कातडी शाबूत आहे ते पाहिलं, पुसलेलं बोट गालावर फिरवलं आणि काकूंकडे बघून हसले.

"आज सैपाक केला वाटते," म्हणाले.

"पिठलं केलं," काकू म्हणाल्या. "पोराले आवडते." आणि माझ्याकडे वळून विचारलं, "जेवला का?"